घारीने पाहिलेली मुलगी

रविवारची सकाळ होती. शाल्मली गवाणकर पोह्यांवर लिंबू पिळत होती, तेवढ्यात दारात रुग्णवाहिका येऊन थांबली. केशरी जाकिटं घातलेले दोघेजण स्ट्रेचर घेऊन धडाधडा जिना चढायला लागले.

"अहो, कुणाकडे निघालात?" हातातला झारा तसाच घेऊन आई धावली.

"गच्चीवर मुलगी पडलीय. हालचाल नाही. बाजूला व्हा, ताई!"

आईच्या हातून झारा गळून पडला. त्या घरात मुलगी एकच होती. आईने मागे वळून शाल्मलीला चाचपलं, छातीशी धरलं आणि मग दोघी त्या माणसांच्या मागोमाग वर पळाल्या.

गच्चीवर कुणीच नव्हतं. पांढऱ्याशुभ्र रंगाने रंगवलेल्या त्या गच्चीच्या मधोमध एक मुलगी उताणी झोपली होती, पण ती चित्रातली होती. दोन वेण्या, डोक्याखाली घेतलेले हात, गडद तपकिरी फ्रॉक. अगदी खऱ्या मुलीएवढी.

"ही नाझनीन आहे," शाल्मली कसंबसं म्हणाली. "काल मी काढलीय."

नाझनीन तिची जिवलग मैत्रीण. दोघी इथेच आडव्या होऊन ढग बघत बसायच्या. वडिलांची बदली झाली आणि नाझनीन कुंभेरी सोडून गेली. गच्ची फार ओकी ओकी वाटायला लागली, म्हणून शाल्मलीने तिला रंगांनी परत आणलं होतं.

जाकीटवाल्यांपैकी एकाने वाकून चित्राच्या गळ्याला हात लावला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला. "घार चुकली?" तो पुटपुटला. "घार तर कधी चुकत नाही!"

घार म्हणजे कुंभेरीवर दिवसभर घिरट्या घालणारा ड्रोन (चालकाशिवाय उडणारं यंत्र). नदीच्या पुरात अडकलेली माणसं शोधण्यासाठी तो आणला होता. लोकांनी त्याला घार म्हणायला सुरुवात केली आणि तेच नाव पडलं. माणूस ओळखायला घारीला शिकवलं होतं शाल्मलीच्या आत्याने, डॉक्टर वैजयंती गवाणकर यांनी.

दुपारी आत्या आली. आल्या आल्या ती चित्राभोवती दोनदा फिरली.

"आत्या, चित्र कुठलं आणि मुलगी कुठली, एवढंही घारीला कळत नाही?"

"मुलगी म्हणजे काय, हेच तिला कळत नाही, शालू. मी तिला आकाशातून काढलेले हजारो फोटो दाखवले. इथे माणूस आहे, इथे नाही, असं प्रत्येक वेळी सांगितलं. वरून बघितलं की माणसाचं काय दिसतं?"

शाल्मलीने डोळे मिटून विचार केला. "काळं गोल डोकं. खांदे. आणि सावली."

"बरोबर. हाच तिचा आकृतिबंध (पुन्हा पुन्हा सारखी येणारी आकारांची ठेवण). तो जुळला की ती म्हणते, माणूस आहे. तू सावलीसुद्धा काढलीस ना?"

"सावलीशिवाय ती झोपल्यासारखी वाटतच नव्हती."

"तरीही घार फसायला नको होती," आत्या म्हणाली. "भिंतीवरच्या जाहिरातीतला माणूस खरा वाटू नये म्हणून मी तिला दुसरा डोळा दिलाय. औष्णिक कॅमेरा (उजेडाऐवजी उष्णता टिपणारा कॅमेरा). कागदावरचा माणूस गरम नसतो. आता एक कर. एक हात पांढऱ्या रंगावर ठेव आणि दुसरा नाझनीनवर."

शाल्मलीने हात टेकवले आणि दचकली. पांढरी गच्ची कोमट होती. नाझनीन मात्र चांगलीच तापली होती.

"पांढरा रंग ऊन परत फेकतो, गडद रंग ते गिळतो!" ती ओरडली. "म्हणजे सकाळच्या उन्हात नाझनीन अंगाएवढी गरम झाली होती!"

"आणि हलत नव्हती. घारीला वाटलं, बेशुद्ध आहे."

शाल्मली टाळ्या पिटणारच होती. पण इशारा नेमका कसा गेला ते बघायला आत्याने टॅबलेट उघडला आणि तिचं बोट मध्येच थांबलं.

"काय झालं?"

शाल्मलीने वाकून पाहिलं. पडद्यावर कुंभेरीचा नकाशा होता आणि त्यावरून एक निळी रेघ वळवळत गेली होती. शाल्मलीचं घर, शाळा, वाचनालय, नदीचा घाट. रेघेशेजारी लिहिलं होतं, 'मुलगी, दोन वेण्या, घर गवाणकर'. खाली एक फोटो होता. पाण्याच्या टाकीच्या आडोशाला, गुडघ्यांत डोकं खुपसून बसलेली मुलगी. फोटोखाली शब्द होते, 'एकटी. रडत असावी.'

शाल्मलीने फोटो ओळखला. नाझनीन गेली तो दिवस. आईलाही कळू नये म्हणून ती टाकीमागे जाऊन बसली होती.

"हे घारीने... जपून ठेवलंय?"

"मी तिला विसरायलाही शिकवलं होतं," आत्या म्हणाली. "माणूस सुखरूप असला की फोटो पुसून टाकायचा. ते कुणीतरी बंद केलंय."

"फक्त माझंच आहे?"

"सगळ्यांचं आहे."

आत्याने तिथूनच नगराध्यक्षांना फोन लावला. त्यांचं बोलणं शाल्मलीलाही ऐकू येत होतं. "अहो मॅडम, फोटो पुसायचे कशाला? माहिती जमलेली बरी. पुढेमागे उपयोगी पडते. लोकांची तक्रार आहे का काही?"

तक्रार कुठून असणार? कुणाला ठाऊकच नव्हतं.

"आपण सगळ्या गच्च्यांवर खोटी माणसं काढू," शाल्मली रागाने म्हणाली. "घारीला वेड लागू दे!"

"आणि पूर आला की खरी माणसं कुठली, हे तिला कसं कळायचं? आज रुग्णवाहिका इथे आली. त्याच वेळी दुसऱ्या कुणाला तिची गरज असती तर?"

शाल्मलीने पुन्हा त्या निळ्या रेघेकडे पाहिलं. मग म्हणाली, "घारीला फसवायचं नाही. लोकांना दाखवायचं. तिला जे दिसतं, तेच मी काढते. फक्त माझं. दुसऱ्या कुणाचं नाही."

त्यासाठी तो फोटो आधी आईला दाखवावा लागला. आईने तो पाहिला आणि मटकन खालीच बसली. "अगं, मी खाली स्वयंपाकघरातच होते ना," एवढंच ती म्हणाली. मग उठून तिने शाल्मलीच्या हातात रंगाचे डबे दिले.

मंडईसमोरच्या पटांगणात शाल्मलीने चुन्याने सगळ्या गल्ल्या काढल्या. त्यांतून निळीची एक लांब रेघ ओढली. जिथे जिथे ती थांबली होती, तिथे तिथे तिने स्वतःला काढलं, आकाशातून दिसते तसं. शेवटी ती गुडघ्यांत डोकं घातलेली मुलगी आणि तिच्याखाली घारीचेच शब्द.

बाजाराच्या दिवशी लोक आले. आधी त्यांना गंमत वाटली. पोरं रेघेवरून पळत सुटली, मोठी माणसंही हसत हसत तिच्यावरून चालू लागली. रेघेच्या टोकाशी आलं की मात्र जो तो थबकायचा.

"ही गवाणकरांची शालू ना?" भाजीवाल्या पार्वतीबाईंनी विचारलं. "रडताना हिला कुणी बघितलं?"

"घारीने," शाल्मली म्हणाली. ती तिथून हलली नाही. "बघितलं आणि ठेवून दिलं."

"म्हणजे माझंही...?" पार्वतीबाईंनी तोंडावर हात घेतला. नकळत त्यांनी वर पाहिलं. मग शेजारच्याने पाहिलं. बघता बघता अख्खी मंडई माना वर करून उभी राहिली. तराजू तसेच लोंबकळत राहिले. वर घार संथ घिरट्या घालत होती.

गडबड ऐकून नगराध्यक्षही आले. त्यांनी पूर्ण रेघ चालून पाहिली. शेवटच्या चित्रापाशी त्यांनी आत्याला हळूच विचारलं, "माझ्या नातीचंही असं असेल?"

"असेल," आत्या म्हणाली.

त्यांनी खिशातून रुमाल काढला आणि नुसताच हातात धरून ठेवला.

त्यानंतरची सभा फार गाजली. कुणी म्हणालं, घार नकोच. कुणी म्हणालं, मग पुरात काय करायचं? शेवटी असं ठरलं, की नदीने धोक्याची खूण गाठली किंवा कुठे आग लागली, तरच घार उडेल. आणि फोटो साठवण्याआधी धूसरीकरण (कोण आहे ते कळू नये इतकं पुसट करणं) झालंच पाहिजे. आधीचे सगळे फोटो आत्याने सगळ्यांसमोर पुसले.

श्रावणात नदी फुगली. घार उडाली आणि नदीतल्या बेटावर अडकलेले दोन गुराखी तिने शोधून काढले. होडी त्यांना घेऊन परतली, तेव्हा काठावर ही गर्दी! शाल्मलीने आत्याच्या पडद्यात डोकावून पाहिलं. माणसांच्या जागी नुसते करडे ठिपके होते.

"यात मी कुठली?"

"मलाही सांगता यायचं नाही."

शाल्मलीने हात उंच करून हलवला. पडद्यावरचा एक ठिपका जरासा हलला. आजूबाजूचे कितीतरी ठिपकेही आनंदाने हलत होते.

"शालू," आत्या म्हणाली, "पुढच्या वर्षी नवी घार येतेय. तिला शिकवायला येशील माझ्याबरोबर?"

"काय शिकवायचं?"

"काय बघायचं नाही, ते आधी."