‘इतर’ रकान्यातला मिठू

मंदिरातल्या सतरंज्या झटकून घडी घालेपर्यंत प्रभाकररावांच्या कानात कीर्तनकार बुवांचीच कथा घुमत होती. फळ्यावर आजची कथा लिहिली होती मगरीने पाय धरलेल्या हत्तीची. पण मध्यंतरात बुक्का लावताना यजमानीणबाईंनी गळ घातली, आणि उत्तररंगात बुवांनी वेगळीच कथा लावली: हरणाच्या पाडसात जीव गुंतलेल्या राजाची. प्रभाकरराव झांज धरून पुढेच उभे होते. शेवटी शेवटी त्यांचा ताल दोनदा चुकला. डोळेच भरून आले तर माणूस काय करणार?

तेवढ्यात खिशातला फोन वाजला. आनंदाबाई बोलत होत्या.

“भाऊजी, मिठू पिंजऱ्यात नाई. येता काय तुमी?”

आनंदाबाई म्हणजे रूपरावांची बायको. रूपराव प्रभाकररावांचे भजनातले सोबती, तीन वर्षांमागे गेले. जाताना मागे ठेवून गेले चौदा वर्षांचा पोपट आणि त्याच्या गळ्यात स्वतःचा आवाज. रोज दिवेलागणीला मिठू अगदी रूपरावांच्या खर्जात विचारायचा, “आनंदे, दिवा लावला काय?” आनंदाबाईंना आता डोळ्यांनी धड दिसत नव्हते. त्या एका हाकेवर त्यांची संध्याकाळ उजाडायची. हा आवाज फोनमध्ये भरून ठेवावा असे कुणाच्या मनात आले नव्हते. रोज घरात असते ते कोण भरून ठेवतो?

घर मंदिरापासून दोन गल्ल्यांवर. प्रभाकरराव पोचले तेव्हा आनंदाबाई छपरीत रित्या पिंजऱ्याला हात लावून बसल्या होत्या. सून मोहिनी त्यांच्यामागे उभी होती. दोघी कीर्तनाहून परतल्या, तेव्हा हे लक्षात आले होते.

प्रभाकररावांनी चष्मा पुसला. तीस वर्षे ते वर्धा नगर परिषदेच्या कोंडवाड्यात कारकून होते. मोकाट गाय कुणाची हे त्यांनी कधी गाईला विचारले नाही. सोडवायला आलेल्या माणसाकडे पाहून ते ओळखायचे.

पिंजऱ्याचे दार बंद होते. दाराला तार, तारेला नेहमीचे तीन पीळ. आत अर्धा पेरू. पीस नाही, रक्ताचा थेंब नाही.

“मांजर दार लावून जात नसते,” ते म्हणाले. “वरचं फडकं कुठी आहे?”

मोहिनीने इकडेतिकडे पाहिले. रूपरावांच्या जुन्या धोतराचा तुकडा रात्री पिंजऱ्यावर टाकत. तो खुंटीवर नव्हता.

आनंदाबाई पोलिसात जायला उठल्या. प्रभाकररावांनी त्यांना बसवले आणि आधी शेजारी गेले. शेजारचे अच्युतराव, निवृत्त शिक्षक, पाय मुरगळल्याने घरीच होते. मिठूच्या ओरडण्यावरून त्यांची या घराशी दोन वेळा वाजली होती. म्हणून पहिला संशय त्यांच्यावरच.

“चार ते सहा, कीर्तनाच्या वेळी, कुठे होता?”

“इथेच. मागच्या खोलीत वाचत पडलो होतो.”

“काही ऐकलं?”

“नाही, आणि तेच मला नवल वाटतंय. मी कुंपणाशी खोकलो तरी तो गल्ली डोक्यावर घेतो. परका माणूस आला की विचारूच नका. आज मात्र चिडीचूप.” मग आवाज खाली आणून ते म्हणाले, “प्रभाकरराव, तक्रारीच्या फंदात पडू नका. देशी पोपट घरात ठेवणं हाच गुन्हा आहे, वन्यजीव कायद्यानं. मी आनंदाबाईंच्या धनंजयला गेल्या आठवड्यातच सांगितलं. त्यात तुम्ही लोकांनी नोंदणीच्या अर्जात तो लेखी कबूल केलाय.”

प्रभाकररावांना तो अर्ज आठवला.

गेल्या पंधरवड्यात नगर परिषदेने पाळीव प्राण्यांची नोंदणी काढली होती. मंदिरात टेबल मांडून म्हाताऱ्या मंडळींचे अर्ज भरून द्यायला बसले होते कोण, तर हेच. कुत्रा, नाही. मांजर, नाही. पुढे ‘इतर’ असा रकाना होता. आनंदाबाईंनी कौतुकाने सांगितले आणि यांनी सुवाच्य अक्षरात लिहिले: पोपट, एक. देवाच्या दारात खोटे कसे लिहायचे? जन्म कोंडवाड्यात गेला. गायी-म्हशी, गाढवं यांचा कायदा पाठ होता. पोपट त्यांच्या दप्तरात कधी आलाच नव्हता.

परत येऊन त्यांनी आनंदाबाईंना हळूच समजावले की तक्रार दिली तर पहिला गुन्हा त्यांच्यावरच लागेल.

आनंदाबाईंनी रित्या पिंजऱ्यावरून हात फिरवला. मग म्हणाल्या, “माह्या घरी चोरी झाली, अन् चोर मीच?”



मुलगा धनंजय मोटरसायकल लावून आत आला. तो सरकारी कचेरीत लिपिक, स्वभावाने भित्रा, मनाने वाईट नाही. मिठू गेला हे ऐकून तो “अरे बाप्पा” म्हणाला आणि पिंजऱ्याकडे न पाहता पाणी प्यायला गेला.

प्रभाकररावांनी त्याला समोर बसवले.

“धनू, दुपारी कुठी होता?”

“कीर्तनात. मागं, खांबापाशी.”

“संपेपर्यंत?”

“हो काका. मंग मित्राकडं गेलतो.”

“कथा कशी झाली?”

“मस्त रंगवली बुवांनी. मगर हत्तीचा पाय ओढून राह्यली, अन् हत्ती सोंडेत कमळ धरून देवाले हाक मारते, तवा त काटाच आला अंगावर.”

मोहिनीने चमकून नवऱ्याकडे पाहिले. प्रभाकररावांनी मान खाली घातली. कोंडवाड्यात अशा वेळी त्यांना बरे वाटायचे. आज वाटले नाही.

“आता मी सांगतो,” ते म्हणाले. “मिठू ओरडला नाई. म्हणजे हात वळखीचा होता. अच्युतरावांसाठी तो गप राह्यला नसता. पिंजरा उघडणाऱ्यानं तारेले परत तीन पीळ देल्ले. चोर घाईत असते, त्याले काऊन गरज? ती घरच्याची सवय. फडकं नेलं, कारण झाकलं की मिठू झोपते, हे या घराबाहेर कोनाले माहीत नाई. वहिनी अन् सूनबाई कीर्तनात पहिल्या रांगेत, माह्या डोळ्यासमोर. उरला तू. अन् बाबू, हत्ती फळ्यावरच राह्यला. आज बुवांनी पाडसाची कथा सांगितली. फळा वाचून तू पायरीवरूनच परतला.”

धनंजयने दोन्ही हातांनी तोंड झाकले.

मग सगळे तुटक तुटक बाहेर आले. सरकारी नोकर, घरात गुन्ह्याचा पक्षी, आणि आईच्या सहीचा अर्ज. रात्ररात्र त्याला झोप नव्हती. आईला सांगायची हिंमत झाली नाही. कीर्तनाची वेळ गाठून मिठूला धोतराच्या तुकड्यात गुंडाळले आणि पवनारला धाम नदीच्या काठी, जिथे पोपटांचे थवे उतरतात, तिथे सोडला.

“उडाला काय?” आनंदाबाईंनी विचारले.

“खालच्या फांदीवर बसला, आई. उडता नाई आलं त्याले.”

“वनखात्याले देल्ला असता त सांभाळला तरी असता,” प्रभाकरराव म्हणाले, आणि लगेच त्यांना स्वतःचीच लाज वाटली. “पण पोरा, तुले भेव देणारा मीच. तो अर्ज माह्या हातचा.”

त्यांनी तिथूनच नगर परिषदेच्या परवाना विभागातल्या जागृतीला फोन लावला. अर्ज मागे घेता येतो का, एवढेच विचारायचे होते. ती बिचारी अजून कचेरीतच होती. म्हणाली की ‘इतर’चा रकाना संगणकात घेतच नाहीत; मोजायची ती फक्त कुत्री-मांजरे. तो कुणी वाचतही नाही.

फोन ठेवून त्यांनी हे सांगितले. धनंजय किल्ली घेऊन उठला, आत्ता जाऊन शोधतो म्हणाला. अंधार पडत आला होता. आणि सापडला तरी घरी कसा आणणार, हे त्याचे त्यालाच आठवले. तो दारातच थांबला.

आनंदाबाईंनी त्याला हाताने जवळ बोलावले.

“सोडताना काही म्हटलं काय त्यानं?”

धनंजय हातातल्या किल्लीशी चाळा करत राहिला.

“सांग, बाबू. मी रागावत नाई.”

“फडकं काढल्यावर माह्याकडं पाह्यलं त्यानं, अन् बाबाच्या आवाजात म्हटलं, धनू, जेवला काय?”

“मंग? तू काय म्हटलं?”

“जेवलो म्हटलं,” धनंजय म्हणाला. “जेवलो, बाबा.”