उजवा पाय

दारावर थाप पडली तेव्हा पाद्रीणबाईंच्या एका हातात इस्त्री होती, खांद्याशी फोन धरलेला होता आणि एक डोळा गॅसवरच्या सुपावर होता. उत्तम शुक्रवारची सकाळ. छावणीच्या चॅपलला चिकटून असलेल्या त्या घरात ईस्टरच्या आठवड्यात कायम लग्नघाई असते, फक्त लग्न कुणाचंच नसतं. चॅपल एक आणि पंथ तीन. एकांची उपासना संपते न संपते तोच दुसरे फुलं घेऊन दारात हजर. पाद्री सकाळी बाहेर पडले की झोपायलाच घरी यायचे.

दारात लष्करी पोलिसांचा कॅप्टन उभा होता.

"तुमचा भाऊ आत आहे?"

"नाही. का?"

"शेवटचा कधी भेटला?"

"बुधवारी. जेवायला आला होता. काय झालंय?"

बाईंचा भाऊ छावणीच्या इस्पितळात औषधभांडार सांभाळायचा. कॅप्टनने थोडक्यात सांगितलं. भांडाराला बाहेरून नेहमीसारखं कुलूप होतं. आज दुसऱ्या किल्लीने उघडलं, तर आतल्या कपाटाची काच फुटलेली. असह्य दुखण्यावर देतात त्या इंजेक्शनांचा डबा गायब. आणि भावाला गुरुवारी दुपारनंतर कुणी पाहिलेलं नाही.

"काचेवर रक्त आहे, पण बुटाचा ठसा कुठेच नाही," कॅप्टन म्हणाला. "चोर अनवाणी होता. आवाज होऊ नये म्हणून."

"स्वतःच्या भांडारात कुणी अनवाणी जातं का? आणि कपाटाची किल्ली खिशात असताना काच कशाला फोडेल तो?"

"बाहेरच्याने चोरी केली असं वाटावं म्हणून."

"मग जाताना कुलूप कशाला लावलं?"

कॅप्टनने यावर टोपी डोक्यावर चढवली. "उद्या संध्याकाळच्या हजेरीला तो नसला तर फरार म्हणून त्याचं नाव लागेल. त्यानंतर माझ्या हातात काही नाही, बाई. कुठे लपवला असेल तर आत्ताच सांगा."

तो गेला आणि बाई तिथेच पायरीवर बसल्या. पायाखालची वाळू सरकणं म्हणजे काय ते त्यांना त्या दिवशी कळलं. आईच्या माघारी त्यांनीच त्याला वाढवला होता. नाकासमोर चालणारा पोरगा. शाळेत असताना मित्राची पेन्सिल चुकून घरी आली, तर रात्रभर झोपला नव्हता.

आणि आपण काल त्याच्यावर चिडलो होतो, हे आठवून त्यांना स्वतःचीच लाज वाटली.

काल संध्याकाळी पाय धुण्याचा विधी होता. येशूने शिष्यांचे पाय धुतले, त्याची आठवण म्हणून पाद्री दरवर्षी छावणीतल्या बारा जणांचे पाय धुतात. पुढच्या पंथाची मंडळी दाराशी ताटकळत असतात, म्हणून पाद्रींनी फार वर्षांपूर्वीच शिस्त लावली होती. प्रत्येकाने फक्त उजवा पाय पुढे करायचा. पाद्रींनी धुवायचा, बाईंनी गुडघ्यांवर बसून टॉवेलने पुसायचा. त्या संध्याकाळी बाईंना चेहरे दिसत नाहीत, नुसते पाय दिसतात. कुणाच्या तळव्यावरचं कुरूप, कुणाचं काळं पडलेलं नख. बाईंना निम्मी छावणी पायांवरून ओळखता येते, असं पाद्री चेष्टेने म्हणायचे.

बारात भावाचं नाव होतं. त्याची खुर्ची रिकामी राहिली. मोज्याला भोक असणार, म्हणून तोंड लपवलं असणार, असं बाई मनात म्हणाल्या. पाद्रींनी खांबाशी उभ्या असलेल्या सार्जंटकाकांना खुणेने बोलावलं. काकांनी जरा आढेवेढे घेतले, पण भरल्या चॅपलमध्ये नाही कसं म्हणणार? ते बसले आणि गडबडीत डावा पाय पुढे केला. बाईंना टॉवेल घेऊन सरकावं लागलं. विधी पार पडला.

सार्जंटकाका म्हणजे चॅपलचं सगळं काही होते. किल्ल्या, मेणबत्त्या, खुर्च्या, घंटा. पाद्री बदलत, काका राहत. बाई इथे नवीन लग्न होऊन आल्या तेव्हा वेदीच्या चादरीला घडी कशी घालायची तेही काकांनीच शिकवलं होतं. आता बाई त्यांच्याकडेच धावल्या. काका मेणबत्त्यांच्या बैठका घासत होते.

"काका, तो तुम्हाला काल दिसला होता का?"

"दुपारी दिसला होता. हिच्या औषधाचं विचारायला गेलो होतो इस्पितळात."

"काय म्हणाला?"

"तेच. मात्रा संपली, नवी मंजुरी वरून यायची. वरचं कार्यालय ईस्टरच्या सुट्टीत बंद. सोमवारनंतर बघू म्हणाला." काका मान वर न करता घासत राहिले. "पोराचा काय दोष? हुकमाचा ताबेदार तो."

"त्यानंतर?"

"त्यानंतर नाही दिसला."

"आणि काल घंटा का नाही वाजवलीत हो?" बाईंना एकदम आठवलं. गुरुवारी उपासनेच्या सुरुवातीला घंटा एकदा दणकून वाजते आणि मग मुकी होते, ती थेट शनिवारी संध्याकाळी पुनरुत्थानाच्या उपासनेला बोलते. मधल्या दिवसांत नुसती लाकडी टाळी. यंदा गुरुवारची घंटा वाजलीच नव्हती.

"विसरलो, बाई. हिच्या आजारपणात डोकं ठिकाणावर नसतं."

"काकू कशा आहेत?"

"बऱ्या आहेत. झोप लागली रात्री," काका म्हणाले.

देवाची कृपा, असं बाईंना मनापासून वाटलं. काकूंच्या हाडांत दुखणं शिरलं होतं. गेले कित्येक दिवस त्यांचं कण्हणं चार घरं सोडून ऐकू यायचं. डॉक्टर म्हणाले होते, फार तर हा आठवडा.

शुक्रवार तसाच गेला. त्याला शोधायला गेलेले छावणीचे ट्रक रिकामे परत आले. बाईंनी भावाच्या खोलीतली उशीसुद्धा उलटून पाहिली. दुपारी पाद्री तिन्ही उपासनांमधून एकदा घरी डोकावले.

"अहो, तुम्ही तरी काही करा ना," बाई म्हणाल्या.

"प्रार्थनेत त्याचं नाव घेतलंय."

"नाव घेऊन सापडायला तो काय हरवलेला चष्मा आहे?"

पाद्रींचे डोळे लाल झाले होते. बाईंना मग जास्त बोलवलं नाही. त्या मागच्या अंगणात गेल्या, तर दोरीवर वाळत घातलेल्या वेदीच्या चादरीवर कबुतरांनी नक्षी करून ठेवलेली. बाईंनी ती पुन्हा धुतली. रडायला बरं पडतं म्हणूनही धुतली.

शनिवारी सकाळी त्या सूप घेऊन काकूंकडे गेल्या. काकू गाढ झोपल्या होत्या. कपाळावर आठी नाही, ओठ मिटलेले. उशाशी काकांची मोठी टॉर्च होती आणि पाण्याची रिकामी बाटली. बाईंनी हलकेच पांघरूण सारखं केलं आणि निघाल्या. चॅपलच्या मागून येताना घंटाघराच्या पायऱ्यांवर त्यांनी सवयीने पदर सावरला, पाय जपून टाकला, आणि थबकल्या.

पायऱ्या स्वच्छ होत्या.

दरवर्षी घंटा मुकी झाली की छावणीभरची कबुतरं वर गोळा होतात आणि शनिवारपर्यंत या पायऱ्यांवर पाय ठेवायला जागा उरत नाही. त्या घासता घासता बाईंच्या नाकी नऊ येतात. यंदा एक शिंतोडा नव्हता. त्यांनी आपल्या घराकडे पाहिलं. सगळा थवा त्यांच्या छपरावर बसला होता, दोरीच्या बरोबर वर.

मुक्या घंटेपाशी कबुतरं जात नव्हती.

बाईंच्या हातातलं भांडं खाली पडलं. त्या धावत सुटल्या, पण घंटाघराच्या दाराकडे नाही, कॅप्टनच्या कचेरीकडे. दाराला कुलूप होतं आणि किल्ली कुणाकडे असते ते त्यांना पक्कं ठाऊक होतं.

कॅप्टनच्या शिपायांनी कुलूप तोडलं. भाऊ वर, घंटेच्या खालच्या फळ्यांवर पडला होता. एक पाय वाकडा झालेला, डोक्याला सुकलेलं रक्त, तोंडाला फडकं. श्वास चालू होता, जेमतेम. शेजारी फुटक्या कुप्या होत्या, त्याच इंजेक्शनांच्या. बूट काढून त्याला झोळीत घालून खाली आणला तेव्हा बाई त्याच्या तळव्यांना धरूनच चालत होत्या. डॉक्टर म्हणाले, आजची रात्र वर राहिला असता तर सकाळ बघितली नसती. इस्पितळाची गाडी त्याला घेऊन गेली. पाद्री सोबत गेले.

"तुम्हीही जा, बाई," कॅप्टन म्हणाला. त्याच्या हातात एक रिकामी कुपी होती. "सापडला हे बरं झालं. पण हे बघा. चोरलं, इथे लपला, टोचून घेतलं आणि शिडीवरून पडला."

"आणि स्वतःच्या तोंडाला फडकं बांधलं?"

"साथीदार असेल."

"चोर सोडून संन्याशाला सुळी देऊ नका, कॅप्टनसाहेब. मी आत्ता त्याचे दोन्ही तळवे बघितले. ओरखडासुद्धा नाही. तुमचा चोर काचेवर अनवाणी चालला होता ना?"

कॅप्टनने कुपी खिशात ठेवली.

"थोडा वेळ द्या मला." बाई चॅपलमध्ये गेल्या, मागोमाग कॅप्टन आणि शिपाई. गुरुवारची परात काढली, टॉवेल घेतला, एक खुर्ची ओढली. सार्जंटकाका वेदीपाशी उभे होते. घंटाघराकडचा गलका त्यांनी ऐकला असणार, तरी जागचे हलले नव्हते.

"काका, बसा," बाई म्हणाल्या. "उजवा पाय द्या."

काका बसले. बाईंनी गुडघे टेकले आणि स्वतःच्या हाताने त्यांच्या उजव्या बुटाची नाडी सोडली. मोजा जखमेला चिकटला होता, तो त्यांनी परातीत पाणी ओतून भिजवून सोडवला. तळव्यावर खोल कापलेलं होतं, ताजं, काचेचं.

कॅप्टन वाकून पाहत राहिला. "तुम्हाला कसं कळलं?"

"गुरुवारी अकरा जणांनी उजवा पाय दिला. ही शिस्त काकांनीच प्रत्येकाला दरवर्षी समजावलेली, आणि तेच चुकले. मला वाटलं, गडबड झाली. त्याच संध्याकाळी ते घंटा विसरले. एवढ्या वर्षांत कधी विसरले नव्हते. घंटा वाजवायला दोर ओढला असता तर ती माझ्या भावाच्या डोक्यावर झुलली असती. घंटा मुकी असताना घंटाघरात कुणी फिरकत नाही, हे आमच्याशिवाय कुणाला माहीत? पण कबुतरांना तो हिशेब कुणी सांगितला नव्हता. वर माणूस आहे म्हणून ती आत जाईनात. आणि काकू..." बाई थांबल्या. "मंजुरी सोमवारी येणार. मात्रा संपलेली. मग त्या गुरुवारपासून शांत कशा झोपतात? मला आनंद झाला होता, काका. मी देवाचे आभार मानले होते."

"बुटांचे खिळे फरशीवर वाजतात, म्हणून काढले होते," काका म्हणाले. "पोरगा भांडार उघडं ठेवून जरा बाहेर गेला होता, तो परत आला तेव्हा मी निघालो होतो. रक्ताचे थेंब बघत, वाटेत ते पुसत तो माझ्या मागे वर आला. ओरडला नाही. 'काका, डबा परत द्या, मी भांडाराला कुलूप लावून आलोय, कुणालाच कळणार नाही,' म्हणाला."

बाईंनी डोळे मिटून घेतले. कुलूप कशाला लावलं, ते असं होतं.

"मी डबा सोडला नाही. त्याने हात धरला. मी हिसडा दिला आणि तो शिडीवरून मागे गेला."

"आणि तुम्ही कुणाला बोलावलं नाहीत," कॅप्टन म्हणाला.

"बोलावलं असतं तर डबा गेला असता. तोंड बांधलं. पाणी नेत होतो. पायाच्या कळांनी तळमळत होता तो, म्हणून त्यालाही टोचलं. हिच्यातलंच. हिच्या वाटणीतलं काढून दिलं त्याला, बाई."

"आज संध्याकाळी घंटा वाजवायची होती, काका. तेव्हा काय करणार होतात?"

"डॉक्टर म्हणाले होते, आठवडा," काका म्हणाले. "ती गेली की सगळं सांगणार होतो. तिने शनिवार गाठला."

बाईंना त्यांच्या थोबाडीत मारावीशी वाटली. खरोखर वाटली, हात शिवशिवला. त्याच हातात काकांची टाच होती. ओल्या पायात बूट चढत नाही, म्हणून त्यांनी ती पुसली.

शिपायांनी काकांना उठवलं. दाराशी ते वळले. "बाई, तिची संध्याकाळची सुई..."

"उरलेला डबा पुरावा म्हणून जमा होईल," कॅप्टन म्हणाला आणि दुसरीकडे बघू लागला.

दिवस कलला तेव्हा काकूंच्या कण्हण्याचा आवाज पुन्हा चार घरं ओलांडू लागला होता. बाई त्यांचा हात धरून बसल्या होत्या. इस्पितळातून निरोप आला होता, भावाने डोळे उघडले, ताई कुठे म्हणून विचारलं. बाईंना तिकडे पळायचं होतं. पण हात सुटत नव्हता.

मग दारात पाद्री दिसले. उपासनेचा पांढरा झगा अंगावर, चॅपलमध्ये लोक खोळंबलेले, आणि त्यांनी मोठ्या डॉक्टरांना दंडाला धरून आणलं होतं. डॉक्टरांनी मुकाट्याने बॅग उघडली. मंजुरीचा कागद त्यांनी स्वतःच्या जबाबदारीवर सही करून आणला होता.

"ही सही गुरुवारी का नाही झाली हो?" बाईंनी विचारलं.

डॉक्टरांनी सुई भरली.

हळूहळू काकूंची मूठ सैल पडली. बाहेर घंटा सुरू झाली. कुणी शिपाई ओढत असावा. ठोके पुढेमागे पडत होते, एखादा मध्येच हुकत होता. काकूंनी डोळे किलकिले केले.

"हेच वाजवतायत ना?"

पाद्रीणबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. पाद्रींनी मान खाली घातली.

"हो, काकू. तेच."

काकू थोडा वेळ ऐकत राहिल्या. "आज हात जड वाटतोय ह्यांचा."

"दमलेत ते," बाई म्हणाल्या आणि काकूंचं पांघरूण सारखं केलं.