सहा वाजेपर्यंतचा पट्टा

"हात पुढे करा, मॅडम."

नॅडीनने हात पुढे केला. रिसॉर्टच्या फाटकावरच्या त्या उंच तरुणानं तिच्या मनगटावर पिवळा कागदी पट्टा इतका जपून बांधला, की रांगेतली माणसं खाकरायला लागली. छातीवरच्या पाटीवर नाव होतं — ओमारी.

"घट्ट झाला का?"

"नाही... पण सैलही नाही," ती म्हणाली आणि स्वतःच लाजली.

चर्चच्या सोडतीत इसिल्डा आत्याला दोघींसाठी इथला एक दिवस लागला होता. नऊ ते सहा. सहाला पट्टा कापायचा आणि मिनीबसनं परत मँडेव्हिलच्या डोंगरावर, शाळेच्या वह्या तपासायला. एरवी जमैकाच्या पोरीला समुद्राचं काय कौतुक! पण आज नॅडीनचा पाय वाळूवरून निघेना, कारण छत्र्या ओमारीच लावत होता, शहाळी ओमारीच आणत होता.

"छत्री जरा इकडे कराल?"

"तिसऱ्यांदा फिरवतोय, मॅडम. सूर्य एकच आहे हं!"

"मग त्याला सांगा ना, एका जागी बस म्हणून."

तो हसला. शेजारच्या खुर्चीतून आत्या पुटपुटली, "नॅडीन, ऊन तुला लागतंय की त्याला गं?"

दुपारी एक सर आली. सगळे पळाले. ओमारी मात्र टॉवेल घेऊन उलट्या दिशेनं, तिच्याकडे धावत आला, तो तिच्या डोक्यावर धरला आणि स्वतः चिंब भिजला. नॅडीनने धीर केला.

"सगळ्यांची... अशीच काळजी घेता?"

त्याची नजर तिच्यावर थबकली, मग मागे उभ्या सुपरवायझरकडे गेली. "कामच आहे ते माझं, मॅडम."

झालं! नॅडीनचं तोंड एवढंसं झालं. बाई गं, पगारी हसू ते, आणि आपण त्यावर दिवसभर भाळलो!

सहाला फाटकाशी कात्री घेऊन पुन्हा तोच. तिनं न बघताच हात पुढे केला. त्यानं कात्री पट्ट्याखाली सरकवली. कच्च! पट्टा गळून पडला.

"सुटलो एकदाचा!" ओमारीनं पाटी काढून खिशात टाकली. "पट्टा हातात असेतो पाहुण्यांशी कामापुरतंच बोलायचं, नाहीतर नोकरी जाते. सकाळी मीच बांधला, आणि तेव्हापासून सहा वाजायची वाट बघतोय. आता तू पाहुणी नाहीस, नॅडीन."

"माझं नाव...?"

"तुझ्या आत्यानं दिवसभर पन्नास हाका मारल्यात."

"आणि तो टॉवेल?"

"तो कामाचा भाग नव्हता." त्यानं मान खाली घातली. "मला आवडतेस तू... समोर माझ्या आईची टपरी आहे. तळलेला मासा, कसाव्याची गरम बॅमी भाकरी. येतेस?"

"मला वाटलं, विचारतच नाहीस," ती म्हणाली आणि डोळे का भरून आले, तिचं तिलाच कळेना.

रस्त्यावर मिनीबसवाला ओरडत होता, "मँडेव्हिल! दोनच जागा! भरली की निघालो!"

मागे उभं राहून सगळं ऐकलेली आत्या लगबगीनं चढली, एका जागेवर बसली आणि दुसरीवर आपली भलीमोठी पिशवी ठेवली.

"मावशी, ही जागा रिकामी आहे ना?" एका प्रवाशानं विचारलं.

"माझ्या भाचीची आहे. मासा खाऊन येईल ती," आत्या म्हणाली. "आणि काटे काढून सावकाश खा, असं सांगितलंय मी तिला."