खारट सरबत

लिफ्टचं दार उघडलं आणि सर्फराजच्या पांढऱ्या शर्टावर काहीतरी थंडगार सांडलं. लालभडक.

समोर ट्रे धरलेली दहा वर्षांची मुलगी. तिच्यामागे ओढणीत हसू लपवणारी तिची खाला, म्हणजे मावशी.

"सॉरी अंकल... बट तुम्ही मध्ये आलात," मुलगी म्हणाली.

"कोकमाचा डाग आहे, जाणार नाही," खालानं वर सांगितलं. "भांडायचं असेल तर मालकिणीशी भांडा. मी नोकर."

मालकीण आफिया, आणि नोकर माहीन. आखातातल्या खैतानच्या त्या बिल्डिंगमध्ये आफिया दर शुक्रवारी नमाजनंतर मजल्यामजल्यावर सरबत विकायची. माहीन फहाहीलच्या एका दाताच्या दवाखान्यात रिसेप्शनला होती, राहायला बहिणीकडे, म्हणजे आफियाच्याच घरी. सर्फराज दापोलीकडचा, मोबाइलच्या दुकानात कामाला. पाचव्या मजल्यावर एका खोलीत चौघं.

पुढच्या शुक्रवारी तो लिंबं घेऊन दारात हजर. आफियाला म्हणाला, मदत करतो. तिनं कामावर ठेवून घेतला. त्याच्या पुढच्या शुक्रवारीही आला. मग येतच राहिला... सरबतासाठी येतो हे फक्त आफियाला खरं वाटायचं.

"लिंबू पिळता इकडे, बघता तिकडे," माहीन एकदा हळूच म्हणाली. "डोळ्यात रस जाईल."

"गेला तर तुम्ही फुंकर घालाल?"

"दवाखान्यात या. नंबर लावून देईन."

असं चालायचं. दोन वाक्यं, की मग आठवडाभर त्याच्यावरच गुजराण.

ऑक्टोबरात सर्फराज गावी जाऊन आला. येताना आईनं आठ बाटल्या दिल्या. चार गोड कोकमाच्या, सरबताला. चार आगळाच्या, म्हणजे मीठ घातलेला कोकमाचा रस, सोलकढीला लागतो तो. सगळ्या कोल्ड्रिंकच्या जुन्या बाटल्या, एकीवरही नाव नाही. आईनं बजावलं होतं, काळा दोरा बांधलाय ते आगळ. पण विमानात फुटू नयेत म्हणून ह्यानं चिकटपट्टी गुंडाळली, आणि इथं ओरबाडून काढताना पट्टीबरोबर दोरेही गेले. रंगावरून ओळखू, असं त्याला वाटलं. दोन्हीचा रंग सारखाच... पण वाटलं.

नोव्हेंबरात जमातीची, म्हणजे इथल्या कोकणी मुसलमान मंडळींची, खैरानच्या समुद्रावर पिकनिक होती. सत्तर माणसं, आणि सरबत आफियाचं. तिची पहिली मोठी ऑर्डर. तिचे अब्बा हारूनभाई कडक माणूस. नाईलाजानं हो म्हणाले होते, वर एक अट... नाव खराब झालं की धंदा बंद.

सर्फराजचा पण त्या दिवशी बेत होता. जेवणानंतर हारूनभाईंना बाजूला घेऊन माहीनसाठी मागणी घालायची. चार दिवस वाक्य पाठ करत होता.

सकाळी समुद्राकाठी मोठ्या थर्मासात पाणी, बर्फ, साखर पडली. सर्फराजनं चार बाटल्या उचलल्या.

"आधी टेस्ट करू या?" आफियानं विचारलं.

माहीन बघत होती. बस्स, तेवढं पुरलं.

"कोकणातल्या पोराला चाखावं लागतं होय?" असं म्हणून त्यानं चारही बाटल्या ओतल्या.

ग्लास वाटले गेले. पहिला घोट हारूनभाईंचा. तो सरळ वाळूत. मग दुसऱ्याचा, तिसऱ्याचा... कोणी खोकलं, कोणी हसलं. एक आजी म्हणाली, पोरीनं समुद्रच भरून दिला.

"कोणी बनवलं हे?" हारूनभाईंनी विचारलं.

आफियानं सर्फराजकडे बघितलं. वाट बघितली.

सर्फराजनं मिठाची गुळणी धरली. डोक्यात एकच... आत्ता बोललो तर मागणी गेली.

"मी," आफिया म्हणाली.

सगळ्यांसमोर हारूनभाई बोलले. हौस झाली, आता अभ्यास कर, उद्यापासून बंद. पोरगी रडली नाही. लोकांच्या हातातले भरलेले ग्लास एकेक करून परत गोळा करत फिरली. सॉरी आंटी... सॉरी अंकल... सर्फराजपाशी आली, त्याचाही ग्लास घेतला, आणि त्याला सॉरी म्हणाली नाही.

मेल्याहून मेल्यासारखं झालं त्याला.

माहीन नळावर ग्लास विसळत होती. तो जाऊन उभा राहिला.

"माहीन, ते आगळ होतं. माझ्याकडून—"

"एका घोटात कळलं मला." तिनं मान वर केली नाही. "बाटल्या तुमच्या, हात तुमचे. मला काय सांगताय? मला तर माहीतच आहे."

"तुमच्यासाठीच गप्प बसलो."

"माझं नाव नका घालू त्यात," ती म्हणाली. आवाज इतका शांत, की ओरडली असती तर बरं.

पुरुषमंडळी दस्तरखानावर जेवायला बसली होती. सर्फराज जाऊन पुढ्यात उभा राहिला. कान तापलेले, पाठ केलेलं वाक्य कुठल्या कुठं...

"हारूनभाई, सरबत मी खारट केलं. आफिया चाखू म्हणाली होती, मीच नको म्हणालो. आणि गप्प बसलो, कारण... आज तुमच्याकडे माहीनसाठी मागणी घालणार होतो."

सगळ्यांचे घास हातात राहिले.

"दहा वर्षांच्या पोरीच्या पाठी लपलास," हारूनभाई म्हणाले.

"हो."

"मागणीचं नंतर. आधी तिला तोंड दाखव."

आफिया मागेच उभी होती. तो गुडघ्यावर बसला. सॉरी म्हणाला. तो शब्द त्यालाच फार लहान वाटला.

"आय वेटेड फॉर यू, अंकल."

"माहीत आहे. बघितलं मी."

तिनं विचार केला. अब्बांना विचारलं, पुढचा शुक्रवार चालू? हारूनभाईंनी होकाराची मान हलवली. मग सर्फराजला म्हणाली, "तुम्ही नका येऊ."

"नाही येणार."

तो लांब पाण्याशी जाऊन बसला. बऱ्याच वेळानं शेजारी वाळू दबली. माहीन. मध्ये दोन हात अंतर ठेवून.

"मागणी अशी घालतात? जेवणाच्या मध्ये?" ती म्हणाली. "घरून फोन यावा लागतो. आईचा."

"आईला काय सांगू?"

"सगळं. आजचं पण."

"ती म्हणेल... असल्या पोराला मुलगी कोण देणार?"

माहीननं ओढणीच्या टोकावरची वाळू झटकली. एकदा. दोनदा...

"सांग तिला, मुलीलाच विचारून बघ म्हणून."

सर्फराजला मान वर करवेना. लाज काही गेली नव्हती. तिनंही घाई केली नाही. बसून राहिली.