तेरड्याची पावले

भाद्रपदातली पहाट उजाडली तेव्हा वेताळकड्याचा उतार पार मोगली राहुट्यांपर्यंत तेरड्याने गुलाबी झाला होता. आणि वेढ्याने जेरीस आलेले किल्लेदार रायाजीराव दळवी तटावरून ती शोभा पाहत नुसते चरफडत होते. रसद संपत आलेली, कुमकेचा पत्ता नाही, आणि मातोश्रींचा हट्ट असा की गौर यावी ती खालच्या ओढ्याकाठूनच. तेरडा गडावरही होता. त्याची फुले वाटून बायकांनी नखे रंगवली होती. पण तो गौरीला चालत नव्हता.

मोगली सरदाराने मात्र औदार्य दाखवले. "सणाच्या बायकांना वाट मोकळी आहे," असा त्याचा निरोप आला.

गौर आणायचा मान यंदा प्रथमच किल्लेदारांच्या पत्नीला, सगुणाबाईंना, मिळाला होता. रोप मुळांसकट उपटायचे, कारण मुळे म्हणजे गौरीची पावले. मग तोंडात पाणी धरून, पदर ओढून, मुक्याने घरी यायचे. वाटेत बोलले की गौर रुसते.

परतताना दिंडी दरवाजाशी सगुणाबाई बाजूला थांबल्या आणि त्यांनी बरोबरच्या बायकांना एकेक करून आत घातले. सगळ्या गेल्या, तरी मागे पदर ओढलेल्या आणखी काही उभ्याच होत्या. त्यांच्या हातातला तेरडा देठाशी साफ कापलेला होता, मूळ एकालाही नव्हते.

सगुणाबाईंनी तोंडातले पाणी थुंकले.

"दरवाजा लावा. यांच्या गौरीला पावलं नाहीत."

"आधी आपण आत यावे," वरून किल्लेदार म्हणाले.

"मी आत आले तर हेही येतील. लावा म्हणते ना."

दरवाजा लागला. लुगड्यांतून कट्यारी निघाल्या, तटावरून बाण सुटले. दगेखोर काही पडले, काही पळाले, आणि खांद्यावर वार झेललेल्या सगुणाबाईंना शिपायांनी आत आणले. हातातला तेरडा त्यांनी सोडला नव्हता.

पुढे कुमक आली, वेढा उठला. पण दगा फसला त्याच संध्याकाळी देवघराच्या उंबऱ्यावर सासूबाई आडव्या उभ्या होत्या. "बोललेल्या तोंडाची गौर मी बसवणार नाही. धाकट्या सुनेनं आणलीय, ती बसेल."

"मी बोलले नसते तर ती बसवायला कोण उरलं असतं?" सगुणाबाईंनी विचारले. सासूबाईंनी तोंड फिरवले.

रायाजीराव ओशाळून पुढे झाले. "आज आपण गड राखलात. मागाल ते देऊ."

"माझी गौर बसवा."

किल्लेदारांनी मातोश्रींकडे पाहिले आणि मान खाली घातली.

"दुसरे काही मागा," ते म्हणाले.