उबदार झुडूप

कोरेवाडीच्या माळावरच्या सगळ्या आया एका सकाळीत नाहीशा झाल्या होत्या. निदान कनवाळूचं म्हणणं तरी तसं होतं.

कनवाळू म्हणजे यंत्रमानव. बैलगाडीएवढा, केशरी रंगाचा, खाली सहा चाकं आणि वर चार मऊ रबरी हात. ‘मुके सोबती’ या प्राणिमित्र संस्थेने त्याला कालच कामावर घेतलं होतं. जखमी आणि पोरके प्राणी उचलून आणायचे, एवढंच त्याचं काम. आज उजाडताच तो माळावर गेला आणि दुपारच्या आत संस्थेची शेड भरली. टिटवीची पिल्लं, कुत्रीची पिल्लं, शेळीचं करडू, चिंकाऱ्याचं एक इवलंसं पाडस. आणि एका टोपलीत अंगठा चोखत बसलेला, पलीकडच्या वस्तीवरचा बबलू.

“सगळे अनाथ आहेत,” कनवाळू म्हणाला. त्याचा आवाज इतका मायाळू होता, की ऐकणाऱ्याला उगाचच रडू यायचं.

रेणूला मात्र रडू आलं नाही. ती अकरा वर्षांची होती आणि सुट्टीत नलूमावशीकडे आली होती. नलूमावशी जनावरांची डॉक्टर. आयुष्यभर तिने माळावरच्या प्राण्यांचा अभ्यास केला होता आणि आता या संस्थेचा दवाखाना बघायची.

“मावशी, बबलूची आई तर सकाळी मला नळावर भेटली. चांगली धडधाकट होती. मग हा अनाथ कसा?”

मावशीने चष्मा कपाळावर चढवला. “कनवाळू, अनाथ म्हणजे काय रे?”

“मला काल शिकवलंय,” कनवाळू म्हणाला, आणि त्याच्या पोटातून संस्थेचे अध्यक्ष ढवळेकाका बोलायला लागले.

त्याचं असं झालं होतं. काल उद्घाटन होतं. कनवाळूच्या पोटावरचं ‘शिकणे’ हे बटण दाबून मावशीच्या सूचना त्याला शांतपणे वाचून दाखवायच्या, असं ठरलं होतं. बटण दाबलं गेलं. पण माईक होता ढवळेकाकांच्या हातात, आणि समोर दीडशे माणसं. अशा वेळी सूचना कोण वाचतो?

“बंधूंनो आणि भगिनींनो!” कनवाळूच्या पोटातून काका गरजले. “ज्याची आई दिसत नाही, तो पोरका! त्याला उचला! त्याला छातीशी धरा! आईच्या हाती देईपर्यंत त्याला सोडू नका! आणि मी तरी कोण? माझीही आई आज या जगात नाही. मीसुद्धा एक पोरकाच जीव!”

“वा!” दारातून खरेखुरे ढवळेकाका म्हणाले. ते नुकतेच आले होते. “काय बोललो होतो ना नलूताई? मागच्या रांगेतले लोक डोळे पुसत होते.”

“काका, पळा!” रेणू ओरडली.

पण उशीर झाला होता. कनवाळूने काकांना ओळखलं. दोन हातांनी उचललं, तिसऱ्या हाताने पिवळ्या दुलईत गुंडाळलं आणि चौथ्या हाताने दुधाची बाटली तोंडात घातली.

“उगी, उगी,” कनवाळू म्हणाला.

“बुडबुडबुड,” काका म्हणाले.

एवढ्यात बाहेर गलका झाला. पहिली आली टिटवी. ती सकाळपासून कनवाळूच्या डोक्यावर घिरट्या घालून किंचाळत होती, पण कनवाळूच्या मते तो ‘कामात अडथळा आणणारा पक्षी’ होता. मागोमाग कुत्री आली, ती थेट त्याच्या चाकाला चावली. मग बबलूची आई आली. ती चावली नाही, पण तिच्यापेक्षा कुत्री बरी, असं कनवाळूला वाटलं असणार. शेवटी धनगरवाड्यावरच्या हौसाआजी आल्या, मागे व्याकूळ होऊन ओरडणारी शेळी घेऊन.

“आरं ए लोखंडाच्या! माझं करडू दे हिकडं! ही त्येची आई न्हाई तर काय शेजारीन हाय व्हय?”

आया दिसल्या, तसा कनवाळू एकेक पिल्लू परत देत गेला. नियम म्हणजे नियम.

दुलईतून काका केविलवाणे बघत होते. हौसाआजींना दया आली. “सोड, ह्यो बी माझाच हाय,” त्या म्हणाल्या. कनवाळूने दोघांकडे नीट पाहिलं, नाक जरा जुळतंय असं त्याला वाटलं आणि त्याने काकांना सोडलं.

“हौसाआजी, पाडस पण तुमचंच म्हणा ना!” रेणू घाईने म्हणाली.

“हां, ते बी माझंच.”

कनवाळूने पाहिलं. “कान जुळत नाहीत,” तो म्हणाला.

शेड रिकामी झाली. ज्या आया ओरडू शकत होत्या, चावू शकत होत्या, त्या सगळ्या येऊन आपापली पोरं घेऊन गेल्या. उरलं ते चिंकाऱ्याचं पाडस. त्याची आई शेडमध्ये येऊन भांडणार नव्हती.

मावशीने त्याच्या पोटाला हळूच हात लावला. “सकाळपासून उपाशी आहे. बाटलीला तोंड लावत नाही. आज दिवस मावळायच्या आत हे आईकडे गेलं पाहिजे, रेणू. नाहीतर एकतर हे जगणार नाही, किंवा जगलं तर पिंजऱ्यात. माणसाळलेला चिंकारा माळावर टिकत नाही, कुत्रं दिसलं तरी पळत नाही.”

“पिंजऱ्यात ठेवूच की!” काका तोंड पुसत म्हणाले. “रविवारी पाहुणे येताहेत. मी नावसुद्धा ठरवलंय, सोनुली. गळ्यात झेंडूचा हार...”

“ढवळे,” मावशी म्हणाली, “तुमच्या गळ्यात घालेन तो हार. मागून आवळून.”

रेणू पाडसाजवळ बसली. त्याचं काळीज पाकोळीसारखं फडफडत होतं, पण बाकी अंग दगडासारखं थिजलेलं. हे घरी गेलंच पाहिजे, तिने मनाशी ठरवून टाकलं.

“कनवाळू, याला परत नेऊन ठेव.”

“आईच्या हाती देईपर्यंत सोडणार नाही,” कनवाळू म्हणाला. “आईला आणा. ओळखपत्र असलं तर उत्तम.”

“तू सकाळी तिथे थांबला होतास का?”

“पुष्कळ वेळ. ती आली नाही.”

“कुठे थांबलास?”

“अगदी पिल्लाच्या शेजारी. भीती वाटू नये म्हणून मोठा दिवा लावला. अंगाई लावली. भोंग्यावर.”

मावशीने कपाळावर हात मारला. मग ती रेणूला आणि कनवाळूला समोर बसवून बोलायला लागली. म्हणजे रेणू बसली. कनवाळू होता तसाच होता.

“जन्मल्यावर काही दिवस चिंकाऱ्याचं पाडस आईमागे पळू शकत नाही. आणि आई असते उंच, तिच्या अंगाला वास येतो. ती जवळ थांबली तर लांडग्याला, कुत्र्याला पत्ताच सापडला. म्हणून ती पिल्लाला झुडपाखाली बसवते आणि मुद्दाम लांब जाते. याला आम्ही दडवण म्हणतो (पिल्लाला लपवून आईने दूर चरायला जाणं). पिल्लाच्या अंगाला वास जवळजवळ नसतोच. ते मान जमिनीला टेकवून गप पडून राहतं. आई फक्त दूध पाजायला येते आणि लगेच जाते. ससासुद्धा असंच करतो. ती पिल्लाला टाकून गेलेली नसते, राखत असते. लांबून.”

“पण मला ती दिसली नाही,” कनवाळू म्हणाला.

“तू होतास म्हणून दिसली नाही,” रेणू एकदम म्हणाली. “आमच्या शाळेत साहेब तपासणीला आले ना, की आमचा वर्ग देवळासारखा शांत बसतो. साहेब लिहून जातात, ‘वर्ग अत्यंत शिस्तप्रिय’. साहेबांनी शिस्तच पाहिली, कारण साहेब तिथे होते! ते गेल्यावर छतापर्यंत खडू उडतात.”

“शाब्बास!” मावशी म्हणाली. “याला निरीक्षक-परिणाम म्हणतात (बघणारा नुसता तिथे असल्यामुळे समोरच्याचं वागणं बदलणं). भल्याभल्या शास्त्रज्ञांनासुद्धा तो फसवतो.”

कनवाळूचे दिवे लुकलुकले. “अडचण आहे. मी जवळ असलो तर ती येत नाही. मी नसलो तर ती आली हे मला दिसत नाही. मग मला पटणार कसं?”

प्रश्न खरंच अवघड होता. काकांनी विचार केल्यासारखा चेहरा केला.

रेणू कनवाळूच्या डोक्यावरच्या काळ्या भिंगाकडे बघत होती. “मावशी, हे काय आहे?”

“ते उष्णताचित्रक (अंगातली ऊब ओळखणारा कॅमेरा). गवतात दडलेला प्राणीसुद्धा ठिपक्यासारखा चमकतो त्यात.”

“किती लांबून?”

“पार माळाच्या कडेच्या त्या बांधावरून.”

“मग झालं! कनवाळू, आपण प्रयोग करू. पाडस होतं तिथंच ठेवायचं. आपण मागे सरत जायचं. ते तुला दिसत राहील. पण तू तिला दिसायचा नाहीस.”

कनवाळू बराच वेळ गुरगुरला. “प्रयोग फसला तर?”

“तर ते तुझंच,” रेणू म्हणाली.

ऊन कलत आलं तेव्हा सगळे माळावर पोचले. कनवाळूने पाडस तरवडाच्या त्याच झुडपाखाली ठेवलं. “माणसाचा वास लागला की आई पिल्लाला घेत नाही ना?” काकांनी विचारलं. “बहुतेक वेळा घेते हो,” मावशी म्हणाली. “तिला वासापेक्षा तुमच्यासारख्या गर्दीची भीती जास्त.”

ते मागे सरले. कनवाळूच्या अंगावरच्या पडद्यावर पाडसाचा ठिपका तेवढा चमकत होता. आणखी मागे सरले. काहीच नाही. मग थेट बांधाच्या पलीकडे. दिवे बंद, भोंगा बंद. लांबवर एक मोठा ठिपका उगवला. थांबला. एक पाऊल पुढे आला.

आणि काकांच्या खिशात सनई वाजायला लागली.

ठिपका गायब झाला.

“मंडपवाल्याचा फोन होता,” काका पुटपुटले. मावशीने मोबाइल काढून घेतला आणि त्यावर बसली.

आता ऊन तांबूस झालं होतं. पुन्हा दोन ठिपके आले, पण भलतीकडून, जोडीने, जमीन हुंगत. भटकी कुत्री! कनवाळूची चाकं थरथरली. “मी जातो. मी त्याला उचलतो.”

“थांब!” रेणूने त्याचा रबरी हात घट्ट धरला. “तू गेलास तर त्यांना कळेल तिथे काहीतरी आहे.”

कुत्री तरवडाच्या अगदी शेजारी आली. पाडस हललं नाही. कुत्र्यांनी हवा हुंगली, एकाने झुडपावर पाय वर केला, आणि दोघंही आपल्या वाटेने निघून गेली.

“त्यांना वास आला नाही,” कनवाळू हळूच म्हणाला. एवढं हळू तो पहिल्यांदाच बोलला होता.

कुत्री दिसेनाशी झाली आणि तो मोठा ठिपका परत आला. या वेळी तो थांबला नाही. गवतातून चिंकाऱ्याची मादी सरळ तरवडापाशी गेली. तिने मान खाली घातली. दगडासारखं पाडस उठलं, ताठ उभं राहिलं आणि आईच्या पोटाला ढुशा देऊन पिऊ लागलं. त्याची इवलीशी शेपटी पंख्यासारखी फिरत होती.

रेणूने आता कुठे कनवाळूचा हात सोडला.

“एक विचारू?” कनवाळू म्हणाला. त्याने सकाळचं चित्रण पडद्यावर लावलं. मध्ये पाडस, आणि वरून त्याचीच जोरजोरात वाजणारी अंगाई. आणि प्रत्येक चित्राच्या कडेला, लांब टेकाडावर, तोच ठिपका. तो सरकत होता, पण जात नव्हता. “मी त्याची नोंद ‘उबदार झुडूप’ अशी केली होती. ती सबंध वेळ तिथेच उभी होती?”

“सबंध वेळ,” मावशी म्हणाली.

कनवाळूने ती नोंद पुसली आणि तिथे ‘आई’ असं लिहिलं.

तिकडे दूध पाजून झालं. आईने पाडसाला चाटलं, दुसऱ्या एका झुडपाखाली बसवलं आणि ती निघाली. लांब, आणखी लांब. पाडस पुन्हा एकटं. कनवाळूचा एक हात आपोआप पुढे झाला. रेणूने या वेळी तो धरला नाही. हे त्याचं त्यालाच ठरवू दे.

हात हवेत थांबला. मग सावकाश मागे आला.

दुसऱ्या दिवसापासून कनवाळूचं काम बदललं. मावशीने त्याला नव्याने शिकवलं, आणि त्या वेळी काकांना दूरच्या गावी एका सत्काराला पाठवलं. जखमी दिसलं तर डॉक्टरांना हाक मारायची. मेलेल्या आईशेजारी पिल्लू दिसलं तर उचलायचं. नाहीतर लांबून बघायचं, आणि माळावर कुत्री, मोटारसायकली आणि दयाळू माणसं घुसू द्यायची नाहीत.

रविवारी पाहुणे आले. त्यांच्यातल्या एका बाईंना गवतात काहीतरी दिसलं. “अगं बाई, एकटंच आहे गं बिचारं!” म्हणत त्या शाल पसरून धावल्या. ढवळेकाकाही सवयीने मागे धावले.

बांधाआडून एक केशरी हात वर आला आणि दोघांच्या वाटेत आडवा झाला.

“हळू बोला आणि मागे सरा,” कनवाळू कुजबुजला. “त्याची आई आपल्याकडेच बघतेय.”