पाचवं मागणं

शनिवारी सकाळची शाळा सुटली की विश्वेश बंदरावरून सौंदाळे मासे घ्यायचा, धुरीवाड्यातल्या घरी यायचा आणि जेवून मस्तपैकी ताणून द्यायचा. डिसेंबरातल्या त्या शनिवारी मात्र तो पडवीत फतकल मारून बसला, पुढ्यात जुना टेपरेकॉर्डर उघडा करून. पडला विज्ञानाचा मास्तर! सैल झालेला रबरी पट्टा बदलला, खाऱ्या हवेनं धरलेले स्क्रू तेल घालून सोडवले, हेड कापसानं पुसलं. मग कपाटातून एक कॅसेट काढली. तिचं नाव ‘सकाळचें तारूं’.

ही कॅसेट म्हणजे त्याच्या कॉलेजच्या दिवसांचा जीव की प्राण. त्याचा वर्गमित्र, दोडामार्गचा धनेश, म्हापशाच्या फेस्ताच्या जत्रेतून ती घेऊन आला होता. गोव्यातल्या कुठल्याशा चर्चमधल्या सहा पोरापोरींनी कोकणीत देवाची गाणी गायलेली, पण गिटार, कीबोर्ड, टाळ्या, सगळा थाट पॉपचा. देवळात भजनं आणि विश्वेशच्या खोलीत दिवसभर येशूचं तारू. “मेल्या, चर्चीतली गाणी लावतंस,” आई म्हणायची, “पण बरी आसत हां.”

आता इतक्या वर्षांनी ती ऐकावीशी वाटली, कारण घर फार गप्प झालं होतं. त्याच्या बायकोचं, संचिताचं, ऑगस्टमध्ये गळ्यातल्या गाठीचं ऑपरेशन झालं. गाठ साधी निघाली, सगळ्यांचा जीव भांड्यात पडला, पण आवाज गेला. उरली नुसती कुजबूज. पहिलीच्या पोरांना कविता चालीवर शिकवणारी बाई ती! एक जानेवारीला तिला शाळेत हजर व्हायचं होतं. तोवर आवाज आला नाही तर वर्ग हातचा जाणार, हे तिला ठाऊक होतं आणि त्यालाही. दोघंही तो विषय काढत नसत.

टेप फिरू लागली. पहिल्या दोन गाण्यांतला कीबोर्ड आता ऐकताना शाळेच्या गॅदरिंगसारखा वाटला आणि विश्वेशला हसू आलं. पण तिसरं गाणं लागलं, ती गोव्याची पोर नुसत्या गिटारवर गाऊ लागली, आणि त्याच्या अंगावर सरसरून काटा आला. लग्नानंतर हेच गाणं संचिता दिवसभर गुणगुणायची. ती दारात येऊन उभी राहिली. बोटांनी चौकटीवर ताल धरला तिनं. बऱ्याच दिवसांनी तिचा चेहरा फुलला होता आणि विश्वेशला अगदी धन्य वाटलं.

पाचव्या गाण्याआधी प्रार्थना होती. एक शांत पुरुषी आवाज एकेक मागणं मागायचा आणि मधल्या मोकळ्या जागेत ऑर्गन घुमत राहायचा. आता आमच्याकडे देवळात गाऱ्हाणं घालतात, तेव्हा घालणारा मागणं मागतो आणि जमलेले सगळे ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात. ते लहानपणापासून तोंडात बसलेलं. एकदा तांदूळ निवडता निवडता आईनं त्या ऑर्गनवर सवयीनं ‘व्हय म्हाराजा’ ठोकून दिलं होतं. हसता हसता पुरेवाट झाली आणि पुढे तो घरचा रिवाजच पडला.

त्या शनिवारीही तो पाळला गेला.

“आमच्या तारवांक वाट दाखय,” टेपमधला माणूस म्हणाला.

“व्हय म्हाराजा!” आईनं आतून हाळी दिली. विश्वेशनंही दिली. संचिताचे नुसते ओठ हलले. अशी चार मागणी झाली आणि गाणं सुरू झालं.

पुढच्या शनिवारी पुन्हा कॅसेट लावली. चौथं मागणं झालं, पण गाणं सुरू झालं नाही. ऑर्गन घुमतच राहिला. मग तोच आवाज, तितकाच शांत, म्हणाला, “ह्या घरांतलो शेणिल्लो ताळो ह्या घरांत परत येंव.”

या घरातला हरवलेला आवाज या घरात परत येवो.

“व्हय म्हाराजा,” तिघंही म्हणून मोकळी झाली. मग तिघांनी एकमेकांकडे पाहिलं.

विश्वेशनं टेप मागे घेतली. चार मागणी. पुन्हा घेतली. चारच. कव्हरच्या आतल्या कागदावरही चारच छापलेली. टेप ताणली गेली असेल, मागचं काही रेकॉर्डिंग मिसळलं असेल, असं त्यानं बरंच काही स्वतःला सांगून पाहिलं.

सोमवारी सकाळी तो दाढी करत होता.

“अहो, चाय निवली!”

स्वयंपाकघरातून. खणखणीत. वस्तरा हातातच राहिला. तो तसाच धावला, अर्ध्या गालावर साबण. संचिता ओट्याशी उभी होती, तिचे डोळे भरलेले. “आवाज इलो,” ती म्हणाली, आणि हा बाप्या चक्क ढसाढसा रडला. आईनं शेजारीपाजारी साखर वाटली. डॉक्टरही फोनवर म्हणाले, होतं असं कधीकधी, छान झालं.

ते दिवस फार सुखाचे गेले. घरात पुन्हा हाका, भांडण, गाणी, सगळं सुरू झालं. संचिता पहिलीच्या कवितांची उजळणी करायची आणि विश्वेश वह्या तपासत पडवीत ऐकत बसायचा. यापेक्षा जास्त काय पाहिजे माणसाला, असं त्याच्या मनात येई.

एवढंच, की संध्याकाळी चिवल्याच्या किनाऱ्यावर फिरायला गेलं की ती कुजबुजायची. “वारो आसा,” म्हणायची. वारा असायचाच. माडांच्या वाटेवरही कुजबूज. आपल्या कुंपणाच्या बेड्यातून आत पाऊल टाकलं, पडवी ओलांडली, की मात्र लगेच आवाज मोकळा. ताण येत असेल, विश्वेश म्हणे. नव्यानं आलेला आवाज, जपायलाच हवा.

आईला मात्र साखर वाटल्यापासून चैन नव्हतं.

“विश्वेश, गाराणा कोण घालता, कोणाच्या नावान घालता, ता आधी आयकाक होया रे,” एकदा ती हळूच म्हणाली. “आपण आधी व्हय म्हणान मोकळे झालव.”

“आये, ती टेप आसा. माणूस नाय.”

“मगे पाचवा मागणा कोणी घातल्यान?”

त्यानं कॅसेट कपाटात ठेवली आणि वर चादरी रचल्या.

एकतीस तारखेची सकाळ. उद्या संचिताची शाळा. आई देवळात गेली होती. पडवीत कोवळं ऊन आलेलं, विश्वेश चहा घेत बसलेला. स्वयंपाकघरातून तिसरं गाणं ऐकू येत होतं. संचिता इतकं सुंदर पूर्वीही गात नसे. एकही सूर हलत नव्हता. तो पाय लांब करून, डोळे मिटून ऐकत राहिला. गाणं संपत आलं तसा कप घेऊन आत गेला.

संचिता मोरीशी उभी होती. मान मागे टाकून मिठाच्या पाण्याची गुळणी धरलेली. गाल फुगलेले. ओठ घट्ट मिटलेले.

गाणं चालूच होतं.

शेगडीच्या बाजूनं येत होतं, साधारण तिच्याच उंचीवरून.

विश्वेशनं कप ओट्यावर ठेवला.

संचितानं त्याला पाहिलं. घाईघाईनं काही लपवलं नाही. गुळणी टाकली, पदरानं तोंड पुसलं आणि हसली. खरंखुरं, सुखाचं हसू. मग अगदी जवळ आली आणि त्याच्या कानाशी कुजबुजली, “ती खिडकी लावून घेवा हो. आवाज भायर गेलो तर परत येवचो नाय.”

“आणि शाळा?” त्यानं विचारलं.

तिनं नुसती मान हलवली. नाही.

गाणं थांबलं होतं. दोघं काय बोलतात ते कुणी ऐकत असावं, तसं.

विश्वेशनं खिडकी लावली. कडी घातली. मागचं दार ओढून घेतलं.

“आणि फुडचा दार,” शेगडीकडून संचिताचा आवाज म्हणाला.